सतराशे मीटर

फाल्गुन उतरणीला लागला की नंदुरबारच्या हवेत मिरचीचा ठसका येतो. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानांवर, लाल माल पसरलेला असतो. वारा फिरला की तो थेट स्वयंपाकघरात शिरतो आणि माझी बायको रेखा चहाचं आधण ठेवता ठेवता तीनदा शिंकते. हे लहानपणापासूनचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गेल्या वर्षापासून मात्र याच दिवसांत आणखी एक गोष्ट येऊ लागली आहे. ती मोबाइलवर येते. "भव्य ट्रायथलॉन स्पर्धा, पर्व दुसरे. तापीकाठ, सारंगखेडा. गतवर्षीच्या देदीप्यमान यशानंतर..."

देदीप्यमान हा शब्द मी दोनदा वाचला. मग मोबाइल उपडा ठेवला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, मध्ये विश्रांती नाही. अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत एक किलोमीटर नऊशे मीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल आणि एकवीस किलोमीटर शंभर मीटर पळणं. बेरीज एकशे तेरा. मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे. सत्तावीस वर्षं लोकांचे बांध मोजतो. सहा फुटांवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. त्यामुळे माझ्या लेखी एकशे तेरा म्हणजे एकशे तेरा. एकशे अकरा पूर्णांक तीन नाही.

बावन्नाव्या वर्षी हे खूळ कुठून आलं, असं पुष्कळांनी विचारलं. उत्तर साधं होतं. सगळं आयुष्य दुसऱ्यांची अंतरं साखळीने आणि यंत्राने मोजण्यात गेलं. एक अंतर स्वतःच्या अंगाने मोजावं आणि नावापुढे "पूर्ण" असा शेरा पडावा, एवढंच मला हवं होतं. नंबर नको होता. त्यासाठी दोन वर्षं मी पहाटे उठलो. आठवड्यातून तीनदा पोहण्याच्या तलावात वीस-वीस फेऱ्या मारल्या. शेजारचे निवृत्त मास्तर फाटकात उभे राहून विचारायचे, "काय साहेब, आज कोनता अवयव?" रेखा फक्त एकदा माझ्या पोहण्याच्या चड्डीकडे बघून म्हणाली होती, "ही दोरीवर वाळत घालायची असेल तर मागच्या दोरीवर."

आता गेल्या वर्षीची ती सकाळ.

पत्रकात लिहिलं होतं, सुरुवात बरोबर सहा वाजता. आम्ही चौसष्ट स्पर्धक साडेपाचला तापीच्या काठावर उभे. बंधाऱ्यामागचं पाणी पसरलेलं, शांत, त्यावर धुक्याची एक पातळ पट्टी. पलीकडच्या काठावर केळीची हिरवी भिंत. त्या अर्ध्या तासात तापी इतकी सुंदर होती की मी घड्याळ बघायचं विसरलो. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे चांगलं म्हणावं असं फारसं काही येणार नाही.

सहा वाजले. सव्वासहा वाजले. प्रमुख पाहुणे यायचे होते. मंडपात सोफे होते, सोफ्यांना पांढरे अभ्रे होते, सोफ्यांपुढे काचेच्या टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या होत्या. आम्ही पोहण्याच्या कपड्यांत, डोक्यावर रबरी टोप्या, दंडावर शाईने नंबर. माझा एकोणचाळीस. आयोजक क्लबचे अध्यक्ष ध्वनिक्षेपकावरून दर दहा मिनिटांनी सांगत होते की साहेब निघालेले आहेत. सात वाजता साहेब अजून निघतच होते. सूर्य केळीच्या वर आला आणि धुकं गेलं.

माझ्या शेजारच्या माणसाने रबरी टोपी काढून पिळली. सावळा, भक्कम, छातीवर पांढरे केस. दंडावर चाळीस नंबर. "साहेब, मले वळखं का?" मी ओळखलं नाही. "तुम्ही आम्हना गावले मोजनीले उन्हतात. मी जगन. केळीवाला." तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपैकी होता. घरात गुजरी, बाजारात अहिराणी, कचेरीत मराठी, अशा तीन भाषा बोलणारा. सुरतच्या भाच्याने वापरून टाकलेली गिअरची सायकल त्याला मिळाली होती आणि पोहणं तर याच पाण्यात झालं होतं.

"पळणं?" मी विचारलं.

"पळनं काय साहेब. रानडुकर केळीमा शिरनं का पळनंच पडस."

सात वाजून पाच मिनिटांनी गाड्या आल्या. मग सत्कार. आपल्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर आधी कोणाच्या तरी खांद्यावर शाल पडावी लागते. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा सत्कार, ज्यांनी मंडप दिला त्यांचा, ज्यांनी मंडपवाल्याची ओळख करून दिली त्यांचा. मी मोजले. एकवीस. एकविसाव्या नारळाला तर माणूसच सापडेना, तेव्हा तो सूत्रसंचालकाने स्वतःकडेच ठेवला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की तिन्ही खेळ एकाच वेळी करणं ही सोपी गोष्ट नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे सांगायला मला लाज वाटते. चौसष्ट अर्धनग्न माणसं उन्हात उभी राहून सोफ्यावरच्या माणसांसाठी टाळ्या वाजवत होती.

सात चाळीसला शिटी वाजली. एक तास चाळीस मिनिटं उशीर. चैत्राच्या तोंडावर खानदेशात एक तास चाळीस मिनिटं म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याने इथे स्पर्धाच काय, पापडसुद्धा वाळत घालू नयेत.

हिशेब असा होता. मूळ नियमाप्रमाणे साडेआठ तासांत संपवणारा तो "पूर्ण", बाकी "अपूर्ण". सहाला निघालो असतो तर मुदत अडीचपर्यंत. सात चाळीसला निघालो, म्हणजे ती चार वाजून दहा मिनिटांपर्यंत हवी. पण चारला बक्षीस समारंभ होता. म्हणून मुदत पावणेचार, असं जाहीर झालं. उशीर त्यांचा, आणि पंचवीस मिनिटं कापली आमची. मी पुढे जाऊन हे सांगितलं. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, खेळाडूवृत्ती ठेवा."

पाण्यात मात्र बरं गेलं. होड्या स्थानिक मासेमारांच्या होत्या आणि ती माणसं चोख होती. कोणी भरकटला की होडी न बोलता त्याच्या बाजूला येऊन उभी राहायची. वळायच्या खुणा म्हणून सोडलेले निळे प्लॅस्टिकचे ड्रम वाऱ्याने सरकत होते, त्यामुळे मी नेमका किती पोहलो ते सांगता येणार नाही, पण कमी नव्हे. बावन्न मिनिटांनी बाहेर आलो. जगन माझ्या अकरा मिनिटं आधी निघालेला होता.

सायकलचा रस्ता सारंगखेड्याहून रनाळ्याच्या दिशेने साडेबावीस किलोमीटर, परत, आणि पुन्हा तेच. रस्ता बंद असेल असं पत्रकात होतं. रस्त्याला ते कोणी कळवलं नव्हतं. साखर कारखान्याचा हंगाम संपत आलेला, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत हलत होते, आणि ट्रॉलीमागून ऊस सांडत होता. दर पंधरा किलोमीटरवर पाणी मिळणार होतं. पहिल्या फेरीत मिळालं. दुसऱ्या फेरीत टेबलं होती, टेबलांवर गार पाण्याचे जार होते, माणसं नव्हती, पेले नव्हते. माणसं जेवायला गेली होती. त्या दिवशी वेळेवर झालेलं एकमेव काम म्हणजे स्वयंसेवकांचं जेवण. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. वास मला सायकलवर आला. मी उतरून, गुडघे टेकून, जारच्या तोटीला तोंड लावलं. रस्त्याने जाणाऱ्या जीपमधलं कोणीतरी ओरडलं, "आरे, जारनं तोंड फोडशी का काय!"

त्या नव्वद किलोमीटरांची आठवण आता सलग राहिलेली नाही. डांबराचा वास आहे. कापसाची उपटलेली, बांधावर रचलेली वाळकी झाडं आहेत. एका वळणावर म्हशी पाण्यात बसलेल्या, आणि त्यांच्याबद्दल मला वाटलेला हेवा. सायकलच्या मीटरवर तापमान बेचाळीस. एका खेड्यात दारात बसलेली म्हातारी, जिने माझ्याकडे दुसऱ्यांदा जाताना पाहिलं आणि आत बघून सांगितलं, "तो परत उना व माय." आतून कोणीतरी हसलं. मला राग आला नाही. तिचं निरीक्षण बरोबर होतं.

रागाचा विषय निघाला म्हणून सांगतो. घरी बायको म्हणते की मला लोकांबद्दल तुच्छता फार आहे. असेल. बांध मोजताना मी तलाठ्याचं, सरपंचाचं, दोन्ही पक्षांच्या मेहुण्यांचं ऐकून घेतो आणि मग यंत्र काय म्हणतं ते लिहितो. चुकीबद्दल मला तुच्छता नाही, चूक माझ्याकडूनही होते. चूक करून वर "उत्कृष्ट नियोजन" असा फलक लावणाऱ्याबद्दल आहे. तो फलक मंडपाच्या दोन्ही बाजूंना होता, स्पर्धा सुरू व्हायच्या आधीपासून.

बारा बावन्नला मी पळायला लागलो. खरंतर त्याला पळणं म्हणू नये. पाय उचलणं चालू होतं. पळायचा रस्ता म्हणजे दोन फेरे. मंडपापासून पाच किलोमीटर दोनशे पंचाहत्तर मीटर जायचं, तिथे लाल शंकू ठेवलेला, त्याला वळसा घालून परत यायचं, आणि हे दोनदा. शंकू कुठे ठेवावा याचा कोणीतरी विचार केलेला असणार, कारण तो बरोबर एका मिरचीच्या पथारीच्या फाटकासमोर होता. नंदुरबारच्या कोण्या व्यापाऱ्याने तिथे शेत भाड्याने घेऊन शेवटचा माल पसरला होता. वर्षातले चार महिने या जिल्ह्यातला प्रत्येक माणूस पथारीजवळून जाताना तोंडाला रुमाल धरतो. आमच्या क्लबाने तिथे माणसांना धापा टाकत वळवायचं ठरवलं.

पहिल्या फेरीत तिथे पोचलो तेव्हा माझ्या पुढचे दोघं रस्त्याच्या कडेला ओणवे होऊन खोकत होते. डोळ्यांत घाम, घामात मिरची. शंकूपाशी क्लबचे सहसचिव प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले, गळ्यात शिटी, तोंडाला टॉवेल, डोळे लाल. "वळा, वळा," एवढंच ते टॉवेलातून म्हणत होते. पथारीवरच्या बायका, सगळ्या सातपुड्यातून हंगामापुरत्या आलेल्या, तोंडं फडक्यांनी बांधून माल उलटत होत्या. त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

पहिला फेरा दोन वाजून चौदा मिनिटांनी संपला. उरला एक फेरा आणि एक तास एकतीस मिनिटं. जमण्यासारखं होतं. अगदी बेताने, पण जमण्यासारखं. दुसऱ्या फेरीत मला जगन भेटला. सायकलवर मी त्याला मागे टाकलं होतं, पळताना त्याने मला गाठलं. त्याने बनियन काढून डोक्याला गुंडाळलं होतं.

"साहेब, मेडल भेटी ना?" त्याने विचारलं.

"पावणेचारच्या आत पोचलो तर."

"गावमा सांगी टाकेल शे मी. सकायपासून दोनदा फोन उना."

आम्ही दोघं जोडीने चाललो. रस्त्याच्या कडेला विजेचे खांब होते. मी आदल्या रविवारी येऊन ते मोजून ठेवले होते, पन्नास मीटरला एक. हा माझा रोग आहे. चौदाव्या मिनिटाला किती, विसाव्या मिनिटाला किती, हे मी खांबांवर ताडून बघत होतो. आणि म्हणूनच मला लगेच कळलं.

रस्त्यावर पुढे एक मोठी चिंच होती. त्या सगळ्या पाच किलोमीटरमध्ये सावली म्हणावी अशी तेवढी एकच. त्या चिंचेखाली प्लॅस्टिकची खुर्ची होती. खुर्चीत सहसचिव होते. खुर्चीपुढे लाल शंकू होता.

"आठेच वळा, साहेब," ते म्हणाले. आता टॉवेल मांडीवर होता.

"शंकू पुढे होता. पथारीसमोर."

"तठे ठसका लागस हो. मानूस बसू शकत नही."

"मी बसायला आलेलो नाही. अजून साडेआठशे मीटर आहे."

"कोन मोजी ऱ्हायनं साहेब?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "सगळा आठूनच वळनात. वीस-पंचवीस जण गयात. सगळासले मेडल शे. तुम्हीबी वळा. उन्हमा कसाले मरी ऱ्हायनात?"

पुढे बघितलं. पथारीपर्यंत सतरा खांब. जाऊन-येऊन सतराशे मीटर. घड्याळात दोन त्रेपन्न. इथून वळलो तर तीन पस्तीसच्या सुमारास, आरामात, "पूर्ण". पुढे गेलो तर माझ्या त्या वेळच्या चालीने तीन बावन्नच्या आसपास, म्हणजे "अपूर्ण". दोन वर्षांचं सगळं त्या खुर्चीपुढच्या फूटभर उंचीच्या शंकूवर येऊन ठेपलं. खरं पळालो तर खोटा ठरणार होतो आणि खोटं पळालो तर खरा. मी जगनकडे बघितलं.

जगन शंकूकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे न बघता शंकूला वळसा घातला.

मला त्याचा जो तिटकारा आला तो अजून आठवतो. सहसचिवांचा येत नव्हता एवढा आला. ते खुर्चीतले होते, त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची. हा पाण्यातला होता. मी त्याला मनातल्या मनात एकवीस नारळवाल्यांच्या रांगेत बसवलं आणि पुढे निघालो.

"साहेब, ओ साहेब!" मागून सहसचिव ओरडले. "जाऊ द्या त्याले," ते बहुधा चिंचेला म्हणाले.

ते सतरा खांब मी मोजत गेलो. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. रस्ता इतका पांढरा झालेला की डोळे बारीक करावे लागत. पथारीसमोर पोचलो आणि जिथे आधी शंकू होता त्या जागी, फाटकाच्या उजव्या खांबाला हात लावून वळलो. माल उलटणाऱ्या बायका थांबल्या. त्यांच्यातली एक पोक्त बाई तोंडावरचं फडकं खाली ओढून पुढे आली, हातात माठातल्या पाण्याचा डबा. घरी पावरी बोलणारी, माझ्यासाठी तिने बाजारची अहिराणी काढली.

"एकलाच? बाकीना कोठे गयात?"

"मागेच वळले."

"मंग तू कसाले उना?"

मी कारण सांगायला तोंड उघडलं. खोकला आला. तिने पाणी दिलं, मी प्यायलो, अर्धं डोक्यावर ओतलं. ती उत्तरासाठी थांबलेली नव्हतीच. "जाय, जाय, ठसका लागी," असं म्हणून तिने फडकं पुन्हा वर ओढलं.

परत येताना चिंचेखाली खुर्चीही नव्हती आणि शंकूही नव्हता. सहसचिव समारंभाला गेले होते.

मंडप दिसला तेव्हा तीन एकोणपन्नास झाले होते. सकाळी एक तास पाच मिनिटं वाट बघायला लावणारे पाहुणे दुपारी वीस मिनिटं लवकर आले होते, कारण पुढे त्यांना एक लग्न होतं. त्यांना उकडत होतं. शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली कमान ज्या पंख्यावर उभी होती तो पंखा काढून त्याची वायर कूलरला जोडली होती. त्यामुळे कमान रेषेवर पडलेली होती, फुटलेल्या फुग्यासारखी, निळी, ढिगाने. घड्याळाचा मोठा फळा बंद. मी त्या कापडापाशी पोचलो, ते दोन्ही हातांनी उचललं आणि खालून वाकून पलीकडे गेलो. तीन बावन्न. आत भट्टीसारखं गरम होतं. रेषा खाली होती की नाही ते मला दिसलं नाही, म्हणून मी चार पावलं जास्त चाललो.

व्यासपीठावर टाळ्या चालू होत्या. त्या दुसऱ्या कोणासाठी होत्या.

रेखाने मला मंडपाच्या मागे ओढत नेलं, ओल्या पोत्यावर आडवं केलं आणि डोक्यावर कळशी ओतली. एरवी ती माझ्याशी शुद्ध बोलते. राग आला की अहिराणीत येते. "येडा मानूस! सगळा उनात, जेवनात, मेडल लीसन घर गयात. तुम्हनंच कसं संपत नही?" मी सांगितलं, शंकू सरकवला होता. तिने रिकामी कळशी खाली ठेवली. "किती?" "सतराशे." तिने दुसरी कळशी आणली. ती जरा हळू ओतली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, स्पर्धा उत्साहात संपन्न. निकालाच्या यादीत एकोणचाळीस नंबरापुढे "अपूर्ण" आहे. एकशे अकरा पूर्णांक तीन किलोमीटर केलेल्या बऱ्याच जणांपुढे "पूर्ण" आहे. एक नाव तर असं आहे की तो माणूस पाण्यात उतरलेला मी पाहिला नाही, पण मी शपथेवर सांगणार नाही, कारण मी सगळा वेळ त्याच्याकडे बघत नव्हतो. लेखी हरकत घेतली. उत्तर आलं नाही. यंदाच्या पत्रकात उत्कृष्ट नियोजन पुन्हा आहे.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

साडेपाच वाजले असतील. मंडपवाले खांब उपटत होते. मी उठून बसलो होतो, पायात चप्पल घालण्याची हिंमत गोळा करत होतो. जगन आला. आंघोळ केलेली, केस विंचरलेले, अंगात स्वच्छ शर्ट. मेडल गळ्यात नव्हतं. पँटच्या खिशातून त्याची निळी फीत लोंबत होती. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. बसताना कण्हला.

"वहिनी, राम राम," तो रेखाला म्हणाला. मग मला, "साहेब, खरं सांगा. कितलं कमी पडनं?"

मी कोरडेपणाने सांगितलं, "सतराशे मीटर."

"सतराशे," तो म्हणाला. "घर गयतू मी. बायकोनी ओवाळं. पोरे इचारी ऱ्हायनात, आप्पा, कितलं पळनात. मी तोंड उघाडं, आनि आकडा निंघेना." त्याने कान खाजवला. "उठा साहेब. दखाडा मले."

"काय दाखवू?"

"ते सतराशे. मी आते पळी येस."

मी त्याला नियम सांगितला. वेळ संपलेली आहे, आता पळून उपयोग नाही, निकालात काही बदलणार नाही, तू तर तसाही "पूर्ण" आहेस.

"वेळनं मी नही इचारत, साहेब. अंतरनं इचारी ऱ्हायनू."

"अहो, सकाळी जा ना भाऊ," रेखा म्हणाली. "पाय बघा तुमचे."

"सकाय व्हई ते ते येगळं व्हई, वहिनी. आजनं ते आज."

मग रेखाने स्कूटी काढली. मला मागे बसवलं, कारण मला चालता येत नव्हतं, आणि आम्ही चिंचेपर्यंत गेलो. जगन त्याच्या मोटरसायकलवर. चिंचेखाली त्याने चपला काढल्या, मोटरसायकलच्या पिशवीतून बूट काढले, फीत खिशात नीट आत ढकलली आणि विचारलं, "कोठून?"

मी उतरलो. खुर्चीच्या पायांचे खड्डे धुळीत अजून होते. त्यावरून शंकूची जागा काढली आणि टाचेने रेघ मारली. "इथून."

तो पळू लागला. पळणं कसलं, दोन्ही मांड्या आखडलेल्या, लाकडी बाहुलीसारखा. मी पुन्हा मागे बसलो आणि रेखाने स्कूटी त्याच्या मागे हळूहळू चालवली. ऊन कललं होतं, पिवळं झालं होतं, आणि वारा पडल्यामुळे ठसका नव्हता. एकाही खांबापाशी तो थांबला नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो आणि दुपारी मी त्याला ज्या रांगेत बसवलं होतं तिथून त्याला उठवताना मला फार जड जात होतं. माणसाबद्दल एकदा मत केलं की ते मोजणीच्या नकाशासारखं वाटू लागतं, शिक्का मारलेलं.

पथारीवर बायका मालावर ताडपत्री ओढत होत्या. "आठे?" त्याने विचारलं. "फाटकाचा उजवा खांब," मी म्हणालो. त्याने हात लावला. हळूच नव्हे, थापच मारली. बायकांमध्ये हसू पिकलं. दुपारची ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आते दुसरा लयना का?"

परतीला तो जवळजवळ चालतच होता. रेघेवर आला आणि थांबला. सूर्य तापीपलीकडे गेला होता. त्याने खिशातून मेडल काढलं, फीत सोडवली, डोक्यावरून गळ्यात घातलं आणि छातीवर सरळ केलं.

"आते चाली," तो म्हणाला. मग माझ्या गळ्याकडे बघितलं. "तुम्हनं कोठे शे?"

"मला मिळालं नाही. सात मिनिटं उशीर झाला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, आधी नाकातून, मग तोंडाने, मग सगळ्या अंगाने, आणि त्या हसण्यात त्याच्या पोटरीत गोळा आला. "आय ओ!" असं ओरडून तो रस्त्यातच बसला. मी खाली बसलो, त्याचा बूट काढला आणि अंगठा धरून मागे ओढू लागलो. तो कळवळत होता, हसत होता, मेडल छातीवर आपटत होतं, आणि रेखा स्कूटीवरून विचारत होती, "अहो, आता ह्यांना कुठे नेऊ?"